विश्लेषण : सात वर्षांची सागरसफर दीड वर्षातच का थांबली? जॅक लंडन, चार्मियन आणि त्यांची ‘स्नार्क’

नोकरी सोडली, घर विकले आणि शिडाच्या बोटीवर संसार थाटला, असे सांगणाऱ्या जोडप्यांचे व्हिडीओ हल्ली मोबाइलवर वरचेवर दिसतात. निळे पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडे आणि डेकवर चहाचा कप. कोल्हापूरहून घाट उतरून दोन दिवसांसाठी मालवणला जाऊन आलेल्यालाही असेच निघून जावे, असे क्षणभर वाटून जाते. सुमारे १२० वर्षांपूर्वी अमेरिकेतील त्या काळच्या सर्वात लोकप्रिय लेखकांपैकी एक असलेल्या जॅक लंडन यांना हेच वाटले आणि ते पत्नी चार्मियन यांच्यासह खरोखरच निघाले. बेत सात वर्षांचा होता. १९ महिन्यांत तो आटोपला. असे का झाले? आणि तरीही हा प्रवास दोघांनाही आयुष्यभर जवळचा का वाटत राहिला?

जॅक लंडन कोण होते?

जॅक लंडन यांचा जन्म १२ जानेवारी १८७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. घरची परिस्थिती बेताची. शाळकरी वयातच वर्तमानपत्रे टाकणे, डबाबंद अन्नाच्या कारखान्यात राबणे अशी कामे त्यांनी केली. पंधराव्या वर्षी उसनवारी करून ‘रॅझल डॅझल’ नावाची छोटी शिडाची बोट घेतली आणि रात्री खाडीतील खासगी क्षेत्रांतून कालवे चोरून विकण्याचा उद्योग सुरू केला. गंमत म्हणजे, पुढे अशा चोरांना पकडणाऱ्या गस्ती पथकातच ते दाखल झाले. १८९३ मध्ये सीलची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून ते जपानपर्यंत गेले. १८९७ मध्ये सोन्याच्या शोधात कॅनडातील क्लोंडाइकला पोहोचले. सोने मिळाले नाही, उलट स्कर्व्ही होऊन परतावे लागले. पण तिथल्या बर्फाने त्यांना गोष्टी दिल्या. १९०३ मध्ये ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ प्रसिद्ध झाली आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

चार्मियन किट्रेज त्यांच्याहून सुमारे चार वर्षांनी मोठ्या. लघुलेखन आणि टंकलेखन शिकून स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या, पियानो वाजवणाऱ्या, पट्टीच्या घोडेस्वार. जॅक यांचे पहिले लग्न मोडले होते, त्या लग्नापासून त्यांना दोन मुली होत्या. १९ नोव्हेंबर १९०५ रोजी जॅक आणि चार्मियन यांनी लग्न केले. बोटीचा बेत मात्र त्याआधीच ठरला होता.

बोटीची कल्पना कुठून आली?

जोशुआ स्लोकम या खलाशाने १८९५ ते १८९८ या काळात जेमतेम ३७ फुटांच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. त्याचे प्रवासवर्णन १९०५ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील ग्लेन एलन येथे या मंडळींच्या वाचनात आले. एकटा माणूस एवढ्याशा बोटीतून जग फिरू शकतो, तर आपण थोडी मोठी बोट घेऊन का नाही, असा विचार पुढे आला. आधी चार-पाच वर्षांनी निघायचे ठरत होते. मग लक्षात आले की थांबल्याने वय तेवढे वाढेल, बाकी काही बदलणार नाही.

मार्ग आखला गेला : हवाई, दक्षिण समुद्रातील बेटे, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, मग जपान, चीन, भारत, तांबडा समुद्र, भूमध्य समुद्र आणि युरोपातील नद्या. खर्च कसा भागणार? जॅक बोटीवर बसून लिहिणार आणि मासिके पैसे देणार. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘वर्क फ्रॉम होम’, फक्त घर तरंगते.

बोट बांधताना काय काय बिघडले?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. जॅक यांनी दोन्ही एकापाठोपाठ केले, आणि घरही समुद्रात चालणारे. बोटीला लुईस कॅरोल यांच्या कवितेतील काल्पनिक प्राण्यावरून ‘स्नार्क’ असे नाव दिले. लांबी सुमारे ५५ फूट, दोन डोलकाठ्या, ७० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. खर्चाचा अंदाज सात हजार डॉलरचा होता.

१८ एप्रिल १९०६ रोजी बोटीच्या तळाचा कणा बसवायचा होता. त्याच पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाचा मोठा हादरा बसला. शहर तीन दिवस जळत राहिले. मजूर, लाकूड, लोखंड या सगळ्यांचे भाव गगनाला भिडले. १ ऑक्टोबर १९०६ रोजी निघायचे होते, तो मुहूर्त टळत राहिला. उभ्या बोटीला दोन मालवाहू तराफ्यांनी चेंगरले. मुख्य इंजिन त्याच्या बैठकीवरून निखळले. नांगर ओढणाऱ्या यंत्राची दंतचक्रे पहिल्याच वापरात तुटली. अखेर निघण्याच्या तोंडावर एका देणेकऱ्याने बोटीवर कायदेशीर जप्ती आणली. सात हजारांचा अंदाज तीस हजार डॉलरवर गेला होता.

२३ एप्रिल १९०७ रोजी ‘स्नार्क’ सुटली तेव्हा ७० अश्वशक्तीचे ते इंजिन निव्वळ वजन म्हणून दोरखंडांनी बांधलेले होते. जॅक तेव्हा ३१ वर्षांचे होते.

पहिल्या २७ दिवसांत काय घडले?

समुद्रात गेल्यावर कळले की बोट गळते. तळ, बाजू, सगळीकडून. पाणी अडवण्यासाठी स्वतंत्र कप्पे केले होते, पण एका कप्प्यातील पाणी दुसऱ्यात झिरपत होते. खाण्याच्या जिनसांना रॉकेलचा वास येऊ लागला. भाजीपाला सडला. वादळात बोटीचे तोंड वाऱ्याकडे करून तिला स्थिर ठेवता यावे लागते, तेही ‘स्नार्क’ला जमेना.

सर्वात मोठी अडचण माणसांची होती. बोट बांधण्याची जबाबदारी आणि कप्तानपद चार्मियन यांच्या मावशीचे यजमान रोस्को ईम्स यांच्याकडे होते. त्यांना दिशाशास्त्र येते, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. भर समुद्रात उघड झाले की आपण नेमके कुठे आहोत, हे त्यांना काढता येत नाही. मग जॅक पुस्तके घेऊन बसले. सेक्स्टंटने सूर्याचा कोन मोजायचा, घड्याळातील अचूक वेळ पाहायची, तक्त्यांवरून अक्षांश-रेखांश काढायचे, हे त्यांनी काही दिवसांत आत्मसात केले. यातील गणित जोडणीचेच आहे, पण घड्याळात चार सेकंदांची चूक झाली तर विषुववृत्ताजवळ जागा जवळपास दोन किलोमीटरने चुकते. खडकाळ बेटांच्या परिसरात एवढी चूक बोट फोडायला पुरेशी ठरते.

२७ दिवसांनी, २० मे रोजी, ते हवाईला पोहोचले. ज्यांना ठाऊक नव्हते की ते कुठे आहेत, त्यांनी बेट मात्र अचूक गाठले.

हवाईत पाच महिने का काढले?

बोट दुरुस्त व्हायला तेवढा काळ लागला. ईम्स घरी परतले. या काळात जॅक वायकिकीच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन स्वार व्हायला शिकले. उन्हाने पाठ आणि पाय इतके भाजले की अंथरूण धरावे लागले. अंथरुणातून त्यांनी या खेळावर लेख लिहिला. हवाईबाहेर सर्फिंग लोकप्रिय होण्यात त्या लेखाचा मोठा वाटा मानला जातो.

जॅक आणि चार्मियन मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतही राहून आले. लोक त्या बेटाचे नाव घ्यायला घाबरत असत. तिथे सहजपणे वावरून त्यांनी रुग्णांच्या रोजच्या जगण्याविषयी लिहिले. उणे तापमानात काडी पेटवण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाची ‘टू बिल्ड अ फायर’ ही त्यांची प्रसिद्ध कथा आज ज्या रूपात वाचली जाते, ते रूपही याच उकाड्यातील मुक्कामात लिहिले गेले.

बोटीवरचा दिवस कसा जाई?

सकाळी जॅक ठरलेले हजार शब्द लिहीत. समुद्र खवळलेला असो वा शांत, यात खंड नसे. लिहिलेले चार्मियन टंकलिखित करीत. हलत्या बोटीत टंकयंत्र मांडीशी सांभाळत त्यांनी हजारो पाने उतरवली. त्याशिवाय त्या रोजची नोंदवही लिहीत, आपल्या पाळीला सुकाणू धरीत आणि रात्रीच्या पहाऱ्यालाही उभ्या राहत. बोटीवर सुमारे ५०० पुस्तके होती. दुपारी वाचन, पत्ते, कधी दोघांची मुष्टियुद्धाची फेरी, तर कधी मासेमारी. जॅक यांनी दात उपटण्याची हत्यारे घेतली होती आणि बेटाबेटावर गिऱ्हाईक मिळाले की त्यांना कोण आनंद व्हायचा.

हा संसार दोघांचाच नव्हता. नवा कप्तान, एक डच खलाशी, जपानी मदतनीस आणि अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातून पत्र पाठवून स्वयंपाकी म्हणून रुजू झालेला मार्टिन जॉन्सन अशी मंडळी होती. ५५ फुटांत सात माणसे, महिनोन्‌महिने. चार्मियन त्यांच्यात एकट्या स्त्री. दक्षिण समुद्रावरची बहुतेक वर्णने पुरुषांनी लिहिली आहेत. चार्मियन यांच्या नोंदींमुळे बोटीवरील अडचण, कंटाळा आणि सुख यांची दुसरी बाजू आपल्यापर्यंत आली.

साठ दिवस जमीन का दिसली नाही?

७ ऑक्टोबर १९०७ रोजी हिलो बंदरातून निघून त्यांनी मार्केसास बेटांचा रस्ता धरला. वारा आणि प्रवाह दोन्ही आडवे असल्याने शिडाच्या बोटीसाठी हा मार्ग जवळपास अशक्य समजला जाई. वाटेत विषुववृत्ताजवळचा निर्वात पट्टा लागतो. तिथे शिडे लोंबत राहतात आणि बोट जागच्या जागी डुलते. तशात एका रात्री नळ उघडा राहिला आणि पिण्याचे निम्मे पाणी वाहून गेले. माणशी रोज साधारण एक लिटर पाणी वाटून देण्याची वेळ आली. काही दिवसांनी मुसळधार सर आली, ताडपत्रीवर पाणी धरून टाकी भरली आणि संकट टळले. डिसेंबरच्या सुरुवातीला नुकू हिवा बेट दिसले, तोवर अमेरिकेत ‘स्नार्क’ बुडाल्याच्या अफवा पसरल्या होत्या.

नुकू हिवावरील तैपी खोऱ्यात जॅक मुद्दाम गेले. हर्मन मेल्विल यांनी १८४२ मध्ये तिथे काही आठवडे काढून ‘टायपी’ लिहिली होती. धष्टपुष्ट, देखण्या माणसांनी गजबजलेले ते खोरे जॅक यांनी लहानपणापासून मनात जपले होते. प्रत्यक्षात तिथे कुष्ठरोग, हत्तीपाय आणि क्षयाने गांजलेली मूठभर माणसे उरली होती. बाहेरून आलेल्या जहाजांनी रोग आणले आणि त्या रोगांशी कधीच ओळख नसलेली बेटे ओस पडली. जॅक यांनी हे स्पष्ट शब्दांत लिहिले. पुढच्या काही महिन्यांत रोगांचा हाच हिशेब ‘स्नार्क’वरच्या मंडळींच्या वाट्याला यायचा होता.

पैशांचे काय झाले?

१९०७ च्या अखेरीस ते ताहितीला पोहोचले, तेव्हा घरचा कारभार विस्कटल्याची पत्रे वाट पाहत होती. अमेरिकेत त्याच वर्षी बँकांवर अरिष्ट आले होते आणि जॅक यांचे धनादेश परत जाऊ लागले होते. दोघे आगबोटीने सॅन फ्रान्सिस्कोला गेले, घडी बसवली आणि पुन्हा ताहितीला परतले. तिथेच ‘मार्टिन ईडन’ ही कादंबरी पूर्ण झाली. अपार कष्टांनी लेखक झालेल्या आणि यश मिळाल्यावर पोकळी अनुभवणाऱ्या खलाशाची ती कहाणी आहे.

पुढे बोरा बोरा, सामोआ आणि फिजी. फिजीची राजधानी सुव्हा येथे त्यांनी कप्तानाला काढून टाकले आणि सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. १९०८ मधील त्या फिजीत उसाच्या मळ्यांवर हजारो भारतीय गिरमिटिया मजूर राबत होते. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६० हजार भारतीयांना करारावर तिथे नेण्यात आले. पर्यटकाला स्वर्ग वाटणारी बेटे त्या वेळी मजुरांच्या बाजारपेठाही होत्या.

सॉलोमन बेटांवर नेमके काय झाले?

जून १९०८ च्या अखेरीस ‘स्नार्क’ सॉलोमन बेटांवर पोहोचली. नारळाच्या मळ्यांसाठी आसपासच्या बेटांवरून माणसे भरती करून आणणारी जहाजे तिथे फिरत. फसवणूक आणि जबरदस्ती हा त्या भरतीचा जुना इतिहास होता, आणि स्थानिकांचा सूडही तितकाच जुना. जॅक आणि चार्मियन ‘मिनोटा’ नावाच्या अशाच एका जहाजावर पाहुणे म्हणून गेले. त्याच्या आधीच्या कप्तानाची काही महिन्यांपूर्वीच हत्या झाली होती आणि केबिनच्या दारावर कुऱ्हाडीचे घाव तसेच होते. मलाइता बेटाजवळ हे जहाज खडकावर चढले. भोवती सशस्त्र लोकांच्या होड्या जमल्या. जवळचे मिशनरी आणि दुसऱ्या एका जहाजाचा कप्तान मदतीला आले म्हणून ते वाचले.

इथे जॅक यांची मर्यादाही दिसते. कामगारांच्या हक्कांसाठी बोलणारा हा समाजवादी लेखक गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाच्या कल्पनांतून पुरता सुटलेला नव्हता. मोलोकाईत त्यांच्या लेखणीत जी माया आहे, ती सॉलोमनच्या लोकांबद्दल लिहिताना बऱ्याच ठिकाणी आटते.

आणि मग शरीरांनी दगा दिला. डासांचे चावे, साधे ओरखडे चिघळून जखमा होऊ लागल्या. बोटीवर प्रत्येकाला मलेरिया झाला. जॅक पुस्तक वाचून सर्वांचे डॉक्टर झाले होते. जखमांवर ते पाऱ्याचा एक जहाल क्षार वापरत. त्या काळी तो जंतुनाशक म्हणून सर्रास वापरला जाई. त्यातच त्यांना भगंदर झाला आणि हाता-पायांना विचित्र व्याधी जडली. हात सुजून दुप्पट झाले, कातडीचे थरावर थर सोलून निघू लागले. तोल जाऊ लागला. डोलकाठीचा दोर पकडता येत नाही, अशा माणसाने बोट चालवायची कशी?

प्रवास संपल्याचा निर्णय कसा झाला?

नोव्हेंबर १९०८ मध्ये दोघे आगबोटीने सिडनीला गेले. भगंदराची शस्त्रक्रिया झाली. पाच आठवडे रुग्णालयात आणि पुढचे पाच महिने हॉटेलांत आजारपणात गेले. हातांच्या विकाराचे निदान तिथल्या तज्ज्ञांना करता आले नाही. उष्ण प्रदेशातील प्रखर प्रकाश गोऱ्या कातडीला सोसत नाही, असे एका लष्करी डॉक्टरच्या पुस्तकावरून जॅक यांनी स्वतःच ठरवले. कॅलिफोर्नियात परतल्यावर ते बरे झाले. त्यांच्या मूत्रपिंडाच्या पुढच्या आजारामागे पाऱ्याचा वापर असावा, अशी शंका काही अभ्यासक व्यक्त करतात.

‘स्नार्क’ सिडनीत मूळ खर्चाच्या मानाने मातीमोल किमतीला विकली गेली. जुलै १९०९ मध्ये जॅक आणि चार्मियन घरी पोहोचले.

आज असा प्रवास सोपा झाला आहे का?

काही बाबतीत नक्कीच. आपल्याकडचे उदाहरण घ्या. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली; असे करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ ५६ फुटांची, म्हणजे जवळपास ‘स्नार्क’एवढीच. पण त्यामागे २००६ पासूनची तयारी होती. बोट बांधताना दोंदे स्वतः हजर होते आणि निघण्यापूर्वी तिची समुद्रात कसून चाचणी झाली होती. २०२४-२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी ‘तारिणी’तून गोवा ते गोवा प्रदक्षिणा केली. उपग्रहांमुळे आता जागा क्षणात कळते, हवामानाचा अंदाज मिळतो. गळती, आजार, जोडीदाराचा स्वभाव आणि पैशांचे गणित मात्र उपग्रहावरून सुटत नाही.

पुढे दोघांचे काय झाले?

१९१० मध्ये त्यांना मुलगी झाली. ती दोन दिवसही जगली नाही. १९१३ मध्ये कष्टाने बांधलेले ‘वुल्फ हाऊस’ राहायला जाण्याआधीच जळून गेले. ‘रोमर’ नावाच्या लहान बोटीतून मात्र ते नद्या-खाड्यांत फिरत राहिले. २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी, जॅक यांचे निधन झाले. पन्नासच्या आसपास पुस्तके मागे होती. ‘स्नार्क’वरचा स्वयंपाकी मार्टिन जॉन्सन पुढे पत्नी ओसासह आफ्रिकेतील वन्यजीवांवरच्या चित्रपटांमुळे जगप्रसिद्ध झाला. बोटीवर संसार करता येतो, हे त्याने जवळून पाहिले होते.

प्रवासावर जॅक यांचे पुस्तक १९११ मध्ये आले, चार्मियन यांचे १९१५ मध्ये. जॅक यांनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी हा प्रवास सुखाचा होता का, या प्रश्नाची साक्ष स्वतः दिली नाही, पत्नीची नोंदवली. गळकी बोट, साठ दिवसांचा समुद्र, ताप, जखमा, खडकावर चढलेले जहाज हे सगळे चार्मियन यांनी सोसले होते. सिडनीच्या रुग्णालयात परतण्याचा निर्णय कानावर पडला तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरून आले, आणि पुढचे दोन दिवस त्या सावरल्या नाहीत.

चार्मियन १९५५ पर्यंत जगल्या. ग्लेन एलनच्या टेकडीवर एका मोठ्या दगडाखाली जॅक यांच्या अस्थी आहेत; चार्मियन यांच्याही तिथेच ठेवल्या आहेत.